मागचे दोन टायर

पत्रकात मी काहीही सोडत नाही. कोणत्या चौकातला दिवा बंद आहे, कोणत्या खड्ड्यात तिसऱ्यांदा नुसता मुरूम ओतला, कोणता गतिरोधक कोणाच्या दारापुढून उचलून कोणाच्या दारापुढे नेला — सगळं लिहिते, ठळक अक्षरांत, उद्गारचिन्हांसकट. एरंडोलमध्ये कोणालाही विचारा, ‘ही पोरगी पोटात काही ठेवत नाही’ असंच सांगतील. पण एक गोष्ट ठेवली आहे. दोन वर्षं झाली. आईला माहीत नाही. आमच्या रस्ता-सुरक्षा गटातल्या एकीलाही माहीत नाही. ऐकणारे तुम्ही पहिले.

कुठून सुरू करू? टायरपासूनच करते. टाळायचं म्हणून नाही. जे झालं ते टायर निवडतानाच झालं.

माझ्याकडे एक लाल गाडी आहे. जुनी घेतलेली, नाशिकच्या एका हौशी माणसाकडून. आकाराने लहान, पण इंजिन दांडगं. जमिनीला टेकल्यासारखी बसकी, चाकं रुंद. मी जळगावला मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, रोज जाऊन-येऊन. ‘पोरीच्या जातीला एवढी पळणारी गाडी कशाला?’ हे इतक्या जणांनी ऐकवलं की मी त्यावरही एक पत्रक काढलं होतं — ‘बाई गाडी चालवते, तुमचं काय जातं?’ गाजलं होतं ते. बाजाराच्या दिवशी पाच जणींनी थांबवून हात हातात घेतला होता. हे पत्रक लक्षात ठेवा.

तर त्या एप्रिलमध्ये गाडी आवाज करायला लागली. धप — धप — धप. मागून. वेग वाढवला की भराभर, कमी केला की सावकाश, जणू डिकीत बसून कोणी उखळात कुटतंय. आवाज का येतो ते मला माहीत होतं. सांगते. थोडं थांबा.

टायर बदलायला झाले होते एवढं खरं. आणि मला एकदा एखाद्या गोष्टीचं खूळ लागलं की लागलं. आठवडाभर मी टायरशिवाय दुसरं काही वाचलं नाही. काय चीज असते हो ही! आपण रोज त्यावर जीव टाकून बसतो आणि वाकून एकदा वाचतही नाही. त्याच्या भिंतीवर सगळं लिहिलेलं असतं — रुंदी किती, भिंतीची उंची किती, किती वजन पेलेल, किती वेगाला घाबरणार नाही. एका कोपऱ्यात चार आकडे — कितव्या आठवड्यात, कोणत्या साली जन्मला. आणि रबराचा स्वभाव! मऊ रबर रस्ता घट्ट धरतं, पण आपल्या उन्हात दोन वर्षांत झिजून जातं. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं, पण वळणावर ऐन वेळी हात सोडतं. दोन्ही एका टायरात मिळत नाही. मग घ्यायचा कोणता? ते चालवणाऱ्यावर. म्हणजे टायर मागताना आधी आपण कसे आहोत ते सांगावं लागतं. मला तेव्हा हे फार मजेशीर वाटलं होतं.

जळगावला, माझ्या रोजच्या वाटेवर, टायरची दहा दुकानं आहेत. मी उलट्या दिशेने पारोळ्यावरून धुळ्याला गेले. का? ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून.

धुळ्यात महामार्गाला लागून सलीमचाचांचं दुकान आहे. साठी उलटलेला माणूस, बाहेर बाजेवर बसलेला. त्यांची एक रीत आहे — जुना टायर उतरवून हातात घेतल्याशिवाय ते नवा दाखवत नाहीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. जुना टायर सावलीत आणायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, मग डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचा. माझ्याआधी एक जीपवाला होता. चाचांनी हात फिरवला आणि म्हणाले, “डावीकडं माल ठेवतो तू. कॅन का रे दुधाचे?” जीपवाला हसायलाच लागला. “चाचा, तुमच्यापासून काय लपणार!”

मला ते भारी आवडलं. मी उन्हात उभी राहून बघत बसले. रबर झिजतं कसं यावरून माणूस कळतो! मधोमध झिजला तर हवा जास्त भरतो, कडांनी झिजला तर कमी. आतून झिजला तर खड्ड्यात आदळून चाक वाकलंय. मी एकामागून एक विचारत होते आणि चाचा खुश होऊन सांगत होते. माझी पाळी येणार आहे हे मी त्या भरात विसरलेच होते.

पुढचे दोन टायर त्यांनी लवकर बाजूला ठेवले. “हे शरीफ आहेत.” मग मागचा पहिला घेतला. हात फिरवता फिरवता थांबला. मागे आला. पुन्हा फिरला. त्यांनी डोळे उघडले, खिशातून पिवळा खडू काढला आणि रबरावर एक रेघ मारली. मग थोडं पुढे दुसरी. तिसरी. चौथी. पाचवी. प्रत्येक रेघेजवळ रबर चपटं झालेलं, सहाणेवर घासल्यासारखं. दुसऱ्या टायरलाही तसंच — पाच.

“बेटा, ब्रेक दाबला तर पुढचं चाक घासतं,” ते म्हणाले. “मागचं एकटं असं घासत नाही. हे हँडब्रेकचं काम. चालती गाडी वळवायची आणि हँडब्रेक खेचायचा, म्हणजे मागून गरकन फिरते. पाच वेळा केलंय कोणीतरी.” आणि मग, अगदी सहज — “कोण पोरगा चालवतो ही गाडी? भाऊ आहे का तुमचा?”

आता सांगते तो आवाज कशाचा होता.

आदल्या रविवारी भर दुपारी मी गाडी घेऊन आमच्या बाजार समितीच्या आवारात गेले होते. कापसाचा हंगाम संपला की ते आवार ओस असतं — एवढं मोठं सिमेंटचं अंगण, एक पाखरू नाही. राखणदार कुलरपुढे झोपलेला. मी तोवर भरधाव पोरांविरुद्ध चार पत्रकं लिहिली होती. ‘रस्ता म्हणजे सर्कस नव्हे!’ वगैरे. आणि लिहिताना दर वेळी एकच प्रश्न सलायचा — यांना नक्की काय मिळतं? गाडी गरकन फिरते तेव्हा पोटात काय होतं? मी ज्याच्यावर एवढी तुटून पडते ते मला ठाऊकच नाही, हे कसं?

फक्त एकदा बघू, म्हटलं. स्टिअरिंग वळवलं, हँडब्रेक खेचला.

काय सांगू तुम्हाला? जग बाजूने सरकलं. गोदामाची भिंत, लिंबाचं झाड, पुन्हा भिंत. टायर किंचाळले. आणि मग सगळं थांबलं, आणि मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते. मी पुन्हा केलं. मग हात कुठे ठेवला तर जास्त फिरते ते बघितलं. मग उलट्या बाजूने. पाच वेळा — हे मला चाचांच्या खडूने सांगितलं. मी मोजलं नव्हतं.

त्या आवारातून शाळेची पोरं जातात. व्हॅन फाटकाशी थांबते, पोरं आवार ओलांडून शाळेत. सकाळची शाळा होती. सोमवारी पोरांनी सिमेंटवरचे काळे वेढे पाहिले, घरी जाऊन सांगितले, आणि संध्याकाळी पालक माझ्याकडे आले. “ताई, तू लिही.” आणि मी — लिहिलं. दुसरं काय करणार होते, असं मी विचारणार नाही. पुष्कळ काही करता आलं असतं. मी लिहिलं, ‘आवार लेकरांचं की टवाळ पोरांचं?’ त्यात एक वाक्य होतं — ‘हे वेढे नाहीत, ही धमकी आहे!’ माझ्या सगळ्या पत्रकांत ते सगळ्यात चांगलं वाक्य. अजूनही लोक म्हणून दाखवतात.

गावात सगळे पोरगा शोधत होते. कोणाच्याही मनात आलं नाही की ती पोरगी असेल. माझी लाल गाडी रोज त्यांच्या दारांवरून जात होती. मागून धप-धप करत.

तर चाचांनी विचारलं — कोण पोरगा? आणि मी, जिने ‘तुमचं काय जातं’ लिहिलं होतं, तिने काय म्हणायला हवं होतं? ‘पोरगाच का हो, चाचा? मीच.’ एवढंच. मला तर असल्या प्रश्नावर चवताळायची सवय. इथे चवताळून नुसतं खरं बोलायचं होतं. पण मला तो प्रश्न सावलीसारखा वाटला. मी त्यात जाऊन उभी राहिले.

“भाऊ नाही मला,” मी म्हणाले.

“गाव कोणतं?”

“एरंडोल.”

“अरे! मग आमच्या भूषणला ओळखत असशील. नानांची शाळेची व्हॅन चालवतो. टायर माझ्याकडूनच नेतो तो.”

भूषणला कोण ओळखत नाही? पंचविशीचा, सडपातळ, खिशात नेहमी ओव्याची पुडी — कोणत्या वळणावर कोणत्या पोराला मळमळतं ते त्याला पाठ. पोरं डावीकडूनच उतरवायचा आणि शेवटचं पोर फाटकात शिरेपर्यंत इंजिन चालू करायचा नाही. आमच्या बैठकीत मी स्वतः म्हणाले होते, या गावात हळू चालवणारा एकच माणूस आहे.

“हो,” मी म्हणाले. “त्यानेच नेली होती गाडी. एक दिवस.”

बघा, किती सोपं होतं. नाव मी शोधलंसुद्धा नाही. चाचांनीच समोर ठेवलं होतं, मी उचललं. मला आजही नवल वाटतं ते याचंच — खोटं बोलायला काही धाडस लागतं, छातीत धडधडतं, असं मी समजत होते. तसलं काही झालं नाही. पाण्याचा पेला पुढे सरकवावा तसं झालं.

चाचांचा हात टायरवर तसाच राहिला. “भूषण?” ते म्हणाले. “पोरं असतात त्याच्या गाडीत.”

तेव्हा सांगता आलं असतं. ते माझ्याकडे बघत होते, वाट बघत होते असंही म्हणता येईल. मी विचारलं, “मग चाचा, माझ्यासाठी कोणता टायर बरा?”

त्यांनी भिंतीशी दोन टायर उभे केले. पहिला — मऊ, खोल तिरप्या नक्षीचा, माझ्या गाडीला शोभणारा. आठवडाभर मी त्याचीच स्वप्नं बघत होते. चाचांनी तो माझ्यापुढून काढून घेतला. “हा तुझ्या कामाचा नाही. तू नोकरीला जाणार, घरी येणार, सरळ रस्ता.” दुसरा पुढे केला. कडक, साध्या नक्षीचा. “हा घे. सरळ माणसाचा टायर. लवकर झिजणार नाही.”

मी काय सांगणार होते? की सरळ माणूस मी नाही? चारही तसलेच बसवून घेतले. निघताना चाचा म्हणाले, “आता गाडी कोणाला देऊ नको.” मी ‘नाही देणार’ म्हणाले. परतीच्या वाटेवर आवाज नव्हता. पहिल्याच वळणावर गाडी जराशी बाहेर सरकली — पैलवानाच्या पायात आजोबांच्या चपला घातल्यासारखी.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. चाचा वाईट माणूस नव्हते, म्हणूनच झालं. पोरांच्या काळजीने त्यांनी नानांना फोन केला. नानांच्या हातात माझं पत्रक होतंच. आवारातले वेढे आणि धुळ्याचा फोन त्यांनी एकत्र बांधला — आणि बरोबरच बांधला, फक्त मधलं नाव खोटं होतं. नाना भूषणला एवढंच म्हणाले, “पोरांचा मामला आहे, बाबा. शंका आली तरी पुरे.” व्हॅनच्या चाव्या काढून घेतल्या. फोन कोणाचा होता, गाडी कोणाची, काही सांगितलं नाही. ‘एका गिऱ्हाइकाची गाडी’ एवढंच चाचा फोनवर म्हणाले होते, नानांनीही पुढे विचारलं नाही. चाचांना माझं नाव माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

त्या आठवड्यात दोन आया मला पेढे घेऊन भेटायला आल्या. “तुझ्या पत्रकामुळे सापडला बाई!” मी पेढा खाल्ला.

आणि मग एका संध्याकाळी भूषण आला. माझ्याकडेच येणार ना — ज्याच्यावर अन्याय होतो तो माझ्याकडे येतो, तशी मी माझी ओळख करून ठेवली होती. ओट्यावर बसला नाही. गाडीशेजारी उभा राहिला.

“ताई, बठ्ठा म्हणतस मीच शे,” तो म्हणाला. “मी म्हणस, गाडी तरी कोनी व्हती?”

सगळे म्हणतात मीच तो, पण गाडी तरी कोणाची होती — हे तो मला विचारत होता, त्याच गाडीच्या टपावर हात ठेवून. लेकरांच्या शपथा घेतल्या नाहीत त्याने, रडला नाही. नुसतं म्हणाला, “तुम्ही दोन ओळी लिहा ना. तुमचं लोक ऐकतात. नानाही ऐकतील.”

मी त्याला काय म्हणाले माहीत आहे? “भूषण, लिहायला पुरावा लागतो.”

पुरावा! पत्रक लिहिताना मी कधी पुरावा शोधला होता?

तो मान हलवत राहिला. मग त्याची नजर खाली गेली. वाहन चालवणाऱ्याची नजर जातेच. वाकला, मागच्या टायरवर अंगठा दाबला. “नवे? चारही?” म्हणाला. “तुमचे तर चांगले होते अजून.”

“तडे गेले होते,” मी म्हणाले. “उन्हाने.”

“हं.” तो बराच वेळ वाकलेलाच होता. त्याला कळलं का? हा प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळा स्वतःला विचारला आहे. अंगठा रबरावर होता आणि तो हललाच नाही. काहीतरी जुळवत होता की नुसता दमला होता? उठला तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हणाला, “नव्या टायरवर चिकट थर असतो, ताई. तो जाईपर्यंत पकड नसते. पहिले काही दिवस जपून चालवा.”

मग गेला.

जपून चालवा. मला. मी पोरांना, बायकांना, ट्रकवाल्यांना, अख्ख्या तालुक्याला ‘जपून चालवा’ सांगणारी बाई. मला हे खऱ्या काळजीने सांगणारा तो एकच.

भूषण आता बोदवडला असतो, एका दुकानाचा टेम्पो चालवतो. पोरं नेत नाही. कोणी देतही नाही. नानांनी दुसरा माणूस ठेवला, तो पोरं उतरायच्या आत गाडी पुढे घेतो. त्यावर मी पत्रक काढलं. होय, काढलं. आवारातले वेढे समितीने टँकरने धुऊन पाहिले, निघाले नाहीत; पुढच्या हंगामात कापसाच्या गाड्यांनी त्यांच्यावरून जाऊन जाऊन पुसले.

चाचांकडे मी पुन्हा गेले नाही. जायचं कारण पडलं असतं, तर टायर झिजल्यावर. मधूनमधून मी सावलीत बसून, डोळे मिटून मागच्या टायरवर हात फिरवते. मला आता वाचता येतं. दोन वर्षं रोज जळगाव, आणि नक्षी जवळजवळ तशीच आहे. चाचांनी टायर चांगला दिला होता. एकसारखा, सगळीकडून सारखा झिजतोय — सरळ माणसाचा असावा तसा. पुढे कोणी उतरवून पाहिला, तर त्यात काहीही सापडणार नाही.

म्हणून लिहून ठेवते. ठळक अक्षरांत नाही, उद्गारचिन्हाशिवाय.

त्या रविवारी आवारात गाडी मी फिरवली. पाच वेळा. भूषण माझ्या गाडीत कधी बसलासुद्धा नाही.